राग कंपनीवर, फटका शेजाऱ्याला

आरोग्याची एखादी खळबळजनक बातमी आली की आपण ती वाचतो, चिडतो आणि दोन ओळी लिहून ग्रुपवर टाकतो. त्या दोन ओळी नेमक्या कुणाला लागतात, याचा विचार फार कमी लोक करतात. ज्या कंपनीवर चिडून लिहिलं, तिला त्या लागत नाहीत. सरकारलाही लागत नाहीत. त्या लागतात त्याच ग्रुपमधल्या काकांना, ज्यांना दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय आणि जे आधीच गोळ्यांना कंटाळलेत. त्या लागतात गल्लीतल्या सुनेला, जिच्या बाळाची दीड महिन्याची लस पुढच्या आठवड्यात आहे आणि जिच्या मनात आधीच धाकधूक आहे.

आजचा लेख एका जुन्या बातमीवर आहे. जुनी मुद्दाम घेतली आहे. ताज्या बातमीवर डोकं थंड ठेवून बोलणं अवघड असतं, आणि जुन्या बातमीवर आपण काय बोललो हे तपासून पाहता येतं.

बातमी काय होती?

एप्रिल २०२४ च्या शेवटी ब्रिटनमधल्या एका वर्तमानपत्राने बातमी दिली. ॲस्ट्राझेनेका या कंपनीने तिथल्या न्यायालयात फेब्रुवारी महिन्यात दिलेल्या कागदात म्हटलं होतं, की आमच्या कोरोना लसीमुळे अत्यंत क्वचित टीटीएस हा आजार होऊ शकतो. टीटीएस म्हणजे रक्तात गुठळ्या होणं आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट कमी होणं. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'कोविशिल्ड' नावाने बनवली आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तीच घेतली. देशात तिचे सुमारे १७५ कोटी डोस दिले गेले.

बातमी आपल्याकडे पोहोचली तेव्हा लोकसभेचा प्रचार जोरात होता. नगर आणि शिर्डीचं मतदान १३ मेला होतं. दोन दिवसांत बातमीतले 'अत्यंत क्वचित' हे शब्द गळून पडले आणि 'कंपनीची कबुली' एवढंच उरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की लसीच्या प्रमाणपत्रावरचा पंतप्रधानांचा फोटो गायब झालाय. लगेच निष्कर्ष निघाला: 'बघा, घाबरून फोटो काढला.' फोटो निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे काढला होता. २०२१ आणि २०२२ मध्ये ज्या राज्यांत निवडणुका होत्या, तिथल्या प्रमाणपत्रांवरूनही तो असाच काढला होता. पुढच्या आठवड्यात, ७ मेपासून, युरोपात या लसीची विक्रीची परवानगी संपली. लगेच पुढचा निष्कर्ष: 'बघा, पकडले गेल्यावर लस मागे घेतली.' परवानगी मागे घेण्याचा अर्ज कंपनीने ५ मार्चलाच केला होता. विषाणूच्या नव्या प्रकारांसाठीच्या लसी आल्याने मागणी उरली नाही, असं कारण दिलं होतं. सीरमने तर कोविशिल्डचं नवं उत्पादन डिसेंबर २०२१ पासूनच थांबवलं होतं.

आता खरी गोष्ट. या बातमीत न्यायालयातला कागद नवीन होता, आजाराची माहिती तीन वर्षं जुनी होती. युरोपच्या औषध नियामकाने ७ एप्रिल २०२१ रोजीच सांगितलं होतं, की या गुठळ्या हा लसीचा अतिशय दुर्मीळ दुष्परिणाम म्हणून नोंदवला पाहिजे. भारतातही लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीचा अहवाल १७ मे २०२१ रोजी जाहीर झाला. समितीने ४९८ गंभीर घटना तपासल्या. त्यांपैकी २६ घटनांमध्ये कोविशिल्डनंतर गुठळ्या झाल्याची शक्यता दिसली. दहा लाख डोसमागे ०.६१ असं ते प्रमाण सांगितलं गेलं. त्याच निवेदनात ब्रिटनचं प्रमाण दहा लाखांमागे ४ आणि जर्मनीचं १० असंही दिलं होतं.

तो मे महिना आठवा. ऑक्सिजनचा बेड आणि रेमडेसिविरचं इंजेक्शन यांच्यासाठी आपण दारोदार फिरत होतो. या आकड्यांकडे बघायला तेव्हा कुणाला सवड नव्हती, हे मी समजू शकतो. पण जे तीन वर्षांपूर्वी जाहीर झालं होतं, त्याला २०२४ मध्ये 'लपवलेलं सत्य' म्हणणं मी समजू शकत नाही.

हा आजार नेमका काय आहे?

कोविशिल्डमध्ये चिंपांझीला सर्दी करणारा एक विषाणू वापरला आहे. तो आपल्या शरीरात वाढू शकणार नाही, असा बदल त्यात केलेला असतो. तो कोरोनाच्या काट्याची माहिती आपल्या पेशींपर्यंत पोहोचवतो आणि शरीर त्या काट्याविरुद्ध लढायला शिकतं. फार थोड्या लोकांमध्ये हे शिकताना गडबड होते. शरीर स्वतःच्याच प्लेटलेटमधल्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. त्यामुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, गुठळ्या होतात आणि त्यात प्लेटलेट खर्च झाल्याने त्यांची संख्या घटते. या गुठळ्या मेंदूच्या किंवा पोटातल्या शिरांमध्ये होऊ शकतात. आजार गंभीर आहे, त्यात माणसं दगावली आहेत. हे मी कुठेही सौम्य करून सांगणार नाही.

पण त्याची वेळ ठरलेली आहे. लस घेतल्यानंतर साधारण महिना-दीड महिन्याच्या आत तो होतो. २०२१ मध्ये लस घेतलेल्या माणसाला २०२४ मध्ये किंवा आज टीटीएस होईल, ही भीती बाळगण्याचं कारण नाही. आणि टीटीएस म्हणजे हार्ट अटॅक नव्हे. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत वर्षानुवर्षं साचलेला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी होते. तंबाखू, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल ही त्याची नेहमीची कारणं आहेत. 'गुठळी' हा एक शब्द दोन्हीकडे आला म्हणून दोन्ही आजार एक होत नाहीत.

आकडा आपल्या जिल्ह्याला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. समजा या सगळ्यांनी कोविशिल्डचे दोन-दोन डोस घेतले, तर सुमारे ९० लाख डोस झाले. भारताच्या दराने अशा घटना पाच-सहा होतात. आपल्याकडे नोंदी नीट होत नाहीत असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. म्हणून ब्रिटनचा दर लावा: छत्तीस होतात. जर्मनीचा लावा: नव्वद. यातला प्रत्येक आकडा म्हणजे एक घर आहे. आणि दुसऱ्या बाजूला, सरकारी नोंदीनुसारच महाराष्ट्रात कोरोनाने सुमारे १ लाख ४८ हजार लोक गेले. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत कोण गेलं हे तुम्हाला मोजून सांगता येईल. लस घेऊन कोण गेलं, हे मात्र बहुतेकांना कुणीतरी पाठवलेलंच माहीत असतं.

या प्रतिक्रियांनी केलं काय?

एक: नको त्या तपासण्या. त्या दिवसांत अनेकांनी डी-डायमर ही तपासणी मागितली. गुठळी विरघळताना जे तुकडे रक्तात उतरतात, ते ही तपासणी मोजते. पाय अचानक सुजला, दम लागला, तर डॉक्टरला तिचा उपयोग होतो. पण वाढलेलं वय, साधा संसर्ग, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, अशा कितीतरी कारणांनी हा आकडा वाढतो. धडधाकट माणसाने तीन वर्षांनी ही तपासणी केली तर तिच्यातून लसीबद्दल काहीही कळत नाही. आकडा जरा वर आला की मात्र झोप उडते आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च सुरू होतो.

दोन: मनाने औषध घेणं आणि मनाने बंद करणं. काहींनी 'रक्त पातळ राहावं' म्हणून मेडिकलमधून ॲस्पिरिन आणून सुरू केली. ज्याला गरज नाही त्याने ती रोज घेतली तर जठरात रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित मेंदूतही. उलट काहींचा एकूणच औषधांवरचा विश्वास उडाला आणि त्यांनी चालू गोळ्या सोडल्या. स्टेंट बसवलेल्या माणसाने रक्त पातळ ठेवणारी गोळी अचानक बंद केली तर त्या स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. ज्या गुठळीच्या भीतीने गोळी सोडली, तीच गुठळी आपण घरी बोलावतो.

तीन: प्रत्येक लसीवर संशय. हा फटका सगळ्यात खोल आहे आणि तो उशिरा दिसतो. २०२२ च्या शेवटी गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली. आजारी पडलेल्या बहुतेक मुलांना गोवराची लस मिळालेली नव्हती. काहींची टाळेबंदीत राहिली होती, काहींच्या घरच्यांना भीती होती. पाथर्डी-शेवगावकडून जी कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांच्या मुलांच्या लसी आधीच फिरतीमुळे चुकतात. त्यात 'लसीने काय होतं ते बघितलं ना' हे वाक्य कानावर पडलं तर ती आई आरोग्यसेविकेला दार उघडणार नाही. कुत्रा चावल्यावर 'इंजेक्शन नको, लसी वाईट असतात' म्हणणारा माणूस तर थेट जिवाशी खेळतो. रेबीज एकदा झाला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

चार: खऱ्या रुग्णाची वाट अडते. हे सगळं २०२५ मध्ये पुन्हा घडलं. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंच्या बातम्या आल्या. खुद्द मुख्यमंत्र्यांनी लसीला घाईने दिलेल्या मंजुरीकडे बोट दाखवलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २ जुलैला आयसीएमआर आणि एम्सच्या अभ्यासांचा दाखला देऊन हा संबंध नाकारला. पण तोवर म्हैसूरच्या जयदेव हृदयरोग रुग्णालयात धडधाकट माणसांची तपासणीसाठी रांग लागली होती. अशा रांगेत खरोखर छातीत दुखणारा माणूसही उभा असतो, आणि त्याच्यासाठी प्रत्येक मिनिट मोलाचं असतं.

आयसीएमआरचा तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयाच्या, अचानक मृत्यू झालेल्या ७२९ जणांची माहिती घेतली आणि तिची तुलना २,९१६ इतर लोकांशी केली. लसीमुळे अचानक मृत्यूचा धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही. दोन डोस घेतलेल्यांमध्ये तो कमीच होता. धोका वाढलेला दिसला तो कोरोनामुळे रुग्णालयात राहिलेल्यांमध्ये, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास असलेल्यांमध्ये, आणि मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत बेसुमार दारू किंवा अतिश्रमाचा व्यायाम केलेल्यांमध्ये. हा निष्कर्ष किती ग्रुपवर फिरला? यात शिव्या द्यायला कुणी सापडत नाही, म्हणून तो फिरला नाही.

'मग आम्ही बोलायचंच नाही का?'

बोला. जरूर बोला. औषध कंपन्या साधुसंत नसतात आणि सरकारं सगळं वेळेवर सांगत नाहीत, हे मलाही मान्य आहे. माझी तक्रार उलटी आहे. आपण बोललो खूप, पण जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही.

२०२१ मध्ये लसीकरण केंद्रावर किती जणांना साध्या मराठीत सांगितलं गेलं, की पुढच्या वीस दिवसांत असह्य डोकेदुखी, धाप, पोटात सतत दुखणं, पाय सुजणं किंवा टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले तर ताबडतोब या? सूचना निघाली होती, ती लोकांपर्यंत पोहोचली का? हा प्रश्न होता. लसीनंतर मुली गमावलेले पालक सर्वोच्च न्यायालयात गेले. ब्रिटनमध्ये लसीमुळे मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व आल्यास १ लाख २० हजार पौंड देण्याची सरकारी योजना आहे. कोरोनाच्या लसीसाठी आपल्याकडे २०२४ मध्ये अशी योजना का नव्हती? सगळ्यांच्या भल्यासाठी लस घेताना ज्या मोजक्या घरांवर आघात झाला, त्यांचा भार सगळ्यांनी मिळून उचलायला नको का? हाही प्रश्न होता, आणि निवडणूक तोंडावर होती. मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला तो विचारता आला असता. आपण त्याऐवजी प्रमाणपत्रावरच्या फोटोची चर्चा केली.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या कोरोना अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान ११ रुग्ण गेले. दिवाळीचे दिवस होते. चार दिवस मोबाईलवर संतापाचा आणि श्रद्धांजलीचा पूर आला. त्यानंतर आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात किंवा आपण जातो त्या खाजगी दवाखान्यात जाऊन 'इथली आग विझवायची यंत्रणा कधी तपासली?' असं आपल्यापैकी किती जणांनी विचारलं? दूरच्या कंपनीवर आपण तीन वर्षांनी चिडतो, आणि हाकेच्या अंतरावरच्या रुग्णालयावरचा राग चार दिवसांत विसरतो. ज्या रागातून काही बदलू शकलं असतं, तो आपण श्रद्धांजलीच्या फुलांबरोबर पुढे ढकलला.

आणि माझ्या व्यवसायबंधूंनाही सोडून चालणार नाही. मागेल त्याला डी-डायमर लिहून देणारे डॉक्टर यात होते. बातमीचा मथळा 'विचार करायला लावणारं' असं लिहून पुढे पाठवणारेही होते. डॉक्टरच्या नावाने गेलेला मेसेज सल्ला म्हणून वाचला जातो. घाबरून आलेल्या रुग्णाला 'तुम्ही व्हॉट्सॲप विद्यापीठातून आलात' म्हणून हसणारे डॉक्टर तर मला सर्वांत जास्त खटकतात. माणूस विचारायला आलाय, म्हणजे त्याने अजून विश्वास सोडलेला नाही. त्याला हसून घालवला की तो पुढचा प्रश्न ग्रुपलाच विचारणार.

पुढची बातमी आली की

ती येणारच आहे. लसीची असेल, वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनची असेल, नाही तर मोबाईलवरून रोग ओळखणाऱ्या एखाद्या यंत्रणेची. तेव्हा एवढं करा.

१. मथळ्याच्या खालची पूर्ण बातमी वाचा. 'क्वचित', 'शक्यता', 'उंदरांवर प्रयोग' असे शब्द मथळ्यात नसतात, आत असतात.

२. नवीन काय आहे ते शोधा. आजार नवीन कळलाय, की जुन्याच माहितीवर नवा खटला झालाय?

३. 'किती जणांत किती?' हे विचारा. आणि लगेच दुसरा प्रश्न: ते औषध घेतलं नाही तर किती?

४. वेळ पाहा. हा दुष्परिणाम किती दिवसांत होतो, आणि मी ते औषध कधी घेतलं?

५. बातमी वाचून कोणतीही चालू गोळी बंद करू नका, नवी सुरू करू नका. आपल्या डॉक्टरला फोन करा. गावात असाल तर आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

६. लसीनंतर खरोखर काही त्रास झाला तर ग्रुपवर टाकण्याआधी आरोग्य केंद्रात त्याची नोंद करायला सांगा. दहा लाखांत एक असा धोका अशा नोंदींमधूनच सापडतो. टीटीएससुद्धा असाच सापडला.

७. पाठवण्याआधी आपल्या ग्रुपमधल्या सर्वांत आजारी माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणा. हे वाचून तो उद्या सकाळी काय करेल? गोळी घेईल की टाळेल?

आपल्याला राग येतो याबद्दल तक्रार नाही. राग आल्याशिवाय आरोग्यव्यवस्था सुधारत नाही. पण त्या रागावर पत्ता लिहा. तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, आमदार-खासदारांकडे, ग्रामसभेत, माहिती अधिकाराच्या अर्जात जाऊ द्या. बिनपत्त्याचा राग सगळ्यात जवळच्या आणि सगळ्यात घाबरलेल्या माणसाच्या घरी जाऊन पडतो, आणि त्याची औषधाची पट्टी तशीच कपाटात राहते.